टी-शर्टची साइझ आधी ठरते

कंपनीचा 'व्हॉलंटियरिंग डे' ठरतो कसा, हे ज्यांनी आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी तारीख ठरते. ती क्वार्टर संपायच्या आत आणि रिलीजला धक्का न लावता बसवायची असते. मग डोकी मोजतात, कारण बस पन्नास सीटची असते. मग एक गूगल शीट फिरते: नाव, एम्प्लॉयी आयडी, व्हेज की नॉनव्हेज, टी-शर्टची साइझ. हे सगळं भरून झालं की कुणीतरी विचारतं, "पण जायचं कुठे आहे?" मग संस्थेचा शोध सुरू होतो. संस्था सापडली की तिला मेल जातो, "आमच्या साठ जणांसाठी तुमच्याकडे काय ॲक्टिव्हिटी आहे?"

मेलमधलं हे वाक्य पुन्हा वाचा. मदत करायला निघालेली माणसं, जिला मदत करायची तिच्याकडेच काम मागताहेत. तेही सकाळी दहाला सुरू होऊन जेवणाआधी संपणारं, उन्हात फार न तापवणारं आणि फोटोत नीट दिसणारं.

मी हिंजवडीत सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. दोन कंपन्या झाल्या आणि दोन्हीकडे या आयोजनाच्या टीममध्ये होतो. नावं सांगत नाही, सांगून फरकही पडणार नाही. तुमच्या कंपनीत जवळपास हेच चालतं. माझं म्हणणं एवढंच की या पद्धतीने आखलेली एक दिवसाची सेवा बंद करावी. टी-शर्ट सुती करून किंवा बाटल्या काचेच्या आणून ती सुधारणार नाही.

पहिलं कारण पैशाचं आहे आणि त्याला कॅल्क्युलेटरही लागत नाही. साठ माणसं धरू. टी-शर्ट अडीचशेचा, म्हणजे १५,०००. दोन बसचे २४,०००. जेवण, चहा, पाणी माणशी दोनशे, म्हणजे १२,०००. झाले ५१,००० रुपये, आणि अजून रंगाचा डबा उघडलेला नाही. भाव माझे अंदाजाचे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण फार खाली येणार नाहीत. त्या दिवशी आपण जी भिंत रंगवतो ती गावातले दोन पेंटर दोन दिवसांत रंगवतात, आणि आपल्यापेक्षा सरळ. ५१,००० म्हणजे तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा किमान दोन-तीन महिन्यांचा पगार. साठ इंजिनिअरांच्या त्या दिवसाच्या पगाराचा हिशोब तर मी धरतच नाही.

पण पैसे वाया जातात हे मला मुख्य दुखणं वाटत नाही. पैसे आपण ऑफसाइटला याहून जास्त उडवतो. दुखणं हे आहे की समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही.

एका संस्थेत कामाचं ठरवायला गेलो होतो तेव्हा तिथल्या ताईंना बाजूला विचारलं, "ताई, खरं सांगा, आम्ही सगळे आलो तर तुम्हाला उपयोग होतो का?" ताई माझ्या आईच्या वयाच्या. वीस वर्षं त्याच वस्तीत काम करतात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही आलात की मॅडम पण येतात ना. मॅडम आल्या की पुढच्या वर्षीचं होतं." मॅडम म्हणजे आमच्या सीएसआर हेड. पुढच्या वर्षीचं म्हणजे अनुदान. आपल्या लेकाच्या वयाच्या मुलाला त्यांनी 'सर' म्हणावं, यातच कोण कुणाकडे काय मागतंय ते कळतं.

त्यांच्यासाठी आम्ही साठ जण त्या अनुदानाच्या अर्जाचाच एक भाग होतो. तो दिवस साजरा करायला त्यांनी आदल्या आठवड्यात काय काय केलं असेल बघा. अंगण झाडून घेतलं. पोलिओचा डोस असो की पालकसभा, दुसरी कामं पुढे ढकलली. दोन कार्यकर्त्या आमच्या दिमतीला दिल्या. मुलांचा स्वागताचा नाच बसवला. नाचाचं तर विशेष वाटतं. वसतिगृहातल्या मुलांना विचारा, वर्षात किती वेळा पाहुण्यांपुढे नाचता. २ ते ८ ऑक्टोबरच्या 'दान उत्सवा'त तर पाहुण्यांची रांगच लागते. एक दादा येतो, खांद्यावर बसवतो, सेल्फी काढतो, "परत येईन हं" म्हणतो. तो येत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रंगाच्या टी-शर्टातला दादा येतो. ज्या मुलांना आधीच कुणीतरी सोडून गेलेलं आहे त्यांच्याशी आपण हा खेळ खेळतो आणि फोटोखाली 'ब्लेस्ड' लिहितो.

कॅलेंडरही आपलंच. ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून झाडं लावायची, जेव्हा पुण्यात पाऊस साधारण त्यानंतर येतो आणि कधी चांगलाच लांबतो. रोप लावायला एक सकाळ पुरते. पुढचे दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार, हा कॉलम शीटमध्ये नसतो. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपतं म्हणून उरलेलं बजेट आणि उरलेले 'व्हॉलंटियर अवर्स' संपवायला शाळेत जायचं, नेमकं परीक्षांच्या तोंडावर.

आता आपल्या धंद्याबद्दल. नवा जॉइनी पहिल्या दिवशी आला तर आपण त्याला प्रॉडक्शनचा ॲक्सेस देतो का? त्याला लॅपटॉप मिळायलाच तीन दिवस जातात. मग केटी सेशन, मग कुणाच्या तरी शेजारी बसणं, मग एखादा बारका बग. पहिला महिनाभर तो कामाला लावणाऱ्याचाच वेळ खातो हे आपल्याला पक्कं माहीत असतं. फ्रेड ब्रूक्सने १९७५ सालीच 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये मांडून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. मॅनेजरशी वाद घालताना आपण सगळे हे तोंडपाठ म्हणतो. आणि वस्तीत, जिथे काम कोडपेक्षा कितीतरी नाजूक आहे, तिथे साठ जॉइनी एकाच सकाळी उतरवतो आणि जेवणानंतर सगळ्यांचा शेवटचा दिवस असतो.

यावर हुशार मंडळींचं उत्तर तयार असतं: भिंती नका रंगवू, आपलं कौशल्य द्या. तत्त्वतः बरोबर. प्रत्यक्षात त्याचा हॅकेथॉन होतो. एका संस्थेसाठी चोवीस तासांत बालवाडीच्या हजेरीचं ॲप बनलेलं मी पाहिलंय. देखणं होतं. बक्षीस मिळालं, लिंक्डइनवर पोस्टी पडल्या. काही महिन्यांनी लॉगिनचा ओटीपी यायचा थांबला, कारण एसएमएसचं खातं ज्याच्या नावावर होतं तो नोकरी बदलून बंगळुरूला गेला होता. रिपो खासगी, डॉक्युमेंटेशन शून्य. ताईंनी वही बंद केली नव्हती म्हणून हजेरी वाचली. वहीवर विश्वास ठेवणाऱ्या त्या बाईंना आमच्यातले काही जण 'टेक-सॅव्ही नाहीत' म्हणत होते! सिस्टीमचा बॅकअप फक्त त्यांच्याकडे होता.

मेंटेनन्सची जबाबदारी न घेता बनवलेलं सॉफ्टवेअर भेट म्हणून देऊ नये. भाकड म्हैस दान देण्यासारखं आहे ते. दूध नाही आणि चारा रोजचा.

थोडा कायदा बघू, कारण 'सरकारने सक्ती केलीय म्हणून करतो' हेही ऐकू येतं. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नेट वर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एकही आकडा गाठणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. यात कर्मचाऱ्यांना बसमध्ये बसवून न्या, असं कुठेही नाही. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय कर्मचाऱ्यांच्या सहभागाला प्रोत्साहन द्या म्हणतं, पण त्यांच्या श्रमाचे तास रुपयांत मोजून सीएसआर खर्चात दाखवता येणार नाहीत, हेही स्पष्ट सांगतं. आणि कर्मचाऱ्यांच्याच फायद्यासाठी केलेला उपक्रम नियमांनुसार सीएसआरमध्ये बसत नाही. म्हणजे 'टीम बॉन्डिंग छान झालं' ही आपली सर्वात आवडती प्रतिक्रिया खरं तर कबुलीजबाब आहे.

गंमत पुढे आहे. नियमांत ५ टक्क्यांची एक मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चासाठी पाळायची. पण बऱ्याच ठिकाणी तीच मर्यादा संस्थेच्या गळ्यात अडकवली जाते: तुमचा ऑफिसखर्च पाच टक्क्यांच्या वर नको. मग अकाउंटंटचा पगार कुठून यायचा? जागेचं भाडं? प्रत्येक देणगीदाराचा वेगळा फॉर्मॅट, वेगळी एक्सेल, वेगळे फोटो, हे सगळं रात्री जागून भरणाऱ्या ताईंचा पगार? त्याला पैसे नाहीत. बसला आहेत.

आता विरोधी बाजू, कारण ती पोकळ नाही. माझी एक मैत्रीण म्हणते, "अरे, त्या एका दिवसामुळे तरी पोरांना कळतं ना की आयटी पार्कच्या कंपाउंडपलीकडे काय आहे. त्यातलाच एखादा पुढे काहीतरी करतो." खरं आहे. जाणीव होते, आणि ती होणं चांगलंच. पण मग तिला सहल म्हणा. अभ्यास सहल. संस्थेला तिच्या वेळेचे आणि माहितीचे पैसे द्या, जसे ट्रेनरला देतो. ट्रेनिंगच्या बजेटमधून द्या. शिकायला आपण जातोय, तर गुरुदक्षिणा आपणच द्यायची. शिवाय वर्ग त्यांच्या सोयीच्या वेळी भरेल, आणि साठ जणांऐवजी आठच जण चालतील म्हणाल्या तर आठच जातील.

आणि श्रमदान म्हणजे काय हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी चंद्रपूरच्या मे महिन्यात भरते. तिथे जाणारी मुलं आठवडाभर राहतात, पहाटे उठून घाम गाळतात, बाकी वेळ ऐकतात आणि वाद घालतात. तिथे सगळे शिबिरार्थी असतात, पाहुणे कुणी नाही. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. त्या कामावर तांत्रिक आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला पटतात. पण आखणीचा क्रम बघा: आधी गावातली माणसं प्रशिक्षणाला गेली, मग कुठे काय खणायचं ते ठरलं, मग गाव रोज राबलं. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरातून हजारो लोक गेले तेव्हा हातात कुदळ घेऊन 'इथे खणा' सांगणारं गाव तयार होतं. एक दिवसाच्या पाहुण्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा काम त्याच्याशिवायही चालू असतं आणि त्याच्यानंतरही चालणार असतं.

शहरातलंच उदाहरण हवं तर रविवारी टेकडीवर प्लास्टिक उचलत फोटो काढणाऱ्या टीमा पाहा. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला रोज दारोदार जाऊन हा कचरा हाताने वेगळा करतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडावं लागणार नाही, एवढीच त्यांची मागणी. साठ जणांनी आपापल्या सोसायटीत ही सवय लावली आणि मासिक शुल्क न कुरकुरता दिलं, तर बस काढायचीही गरज नाही. पण लाल ठिपक्याचा ग्रुप फोटो निघत नाही.

मग आखणी कशी करायची? पहिलं म्हणजे पैसे आणि माणसं वेगळी करा. अनुदान आधी मंजूर, तेही तीन वर्षांचं, आणि त्यात पगार आणि भाडं धरलेलं. ते लेखी हातात पडल्यावरच विचारायचं, "ताई, आमची माणसं हवीत का?" या प्रश्नाला 'नको' हे उत्तर फुकट मिळालं पाहिजे. 'हवीत' म्हणाल्या तर काम त्यांनी सांगायचं, आणि ते बहुतेक वेळा कंटाळवाणं असेल. सात देणगीदारांचे सात फॉर्मॅट एका शीटमधून निघतील असं काहीतरी बसवून देणं. जुना डेटा साफ करणं. आठवीतल्या चार मुलांना वर्षभर दर शनिवारी गणित शिकवणं, पावसातही, रिलीजच्या आठवड्यातही. त्यासाठी साठ माणसं लागत नाहीत. तीन लागतात, आणि कंपनीने त्यांचे शनिवारचे दोन तास शुक्रवारी भरून द्यावेत.

यातलं आपल्या हातात काय, असं विचाराल. तुम्ही कमिटीत नसाल, फक्त शीटमध्ये 'एल' किंवा 'एक्सएल' भरणारे असाल, तरी एक करता येतं. एचआरचा मेल आला की रिप्लाय ऑल करून विचारा: संस्थेने या दिवसाला नाही म्हटलं तरी त्यांना पैसे मिळणार आहेत का? फक्त हे जानेवारी-फेब्रुवारीत विचारू नका, तेव्हा बस बुक झालेली असते. नवं वर्ष लागल्यावर, एप्रिल-मेमध्ये, बजेटची शीट अजून रिकामी असताना विचारा.