कल्की, कर्ण आणि चेलाडी फाट्यावरची पोरं

नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर सकाळच्या पाळीला शिरवळच्या कारखान्यांकडे निघालेली पोरं उभी असतात. बहुतेक कंत्राटी कामगार. हातात मोबाईल आणि मोबाईलवर सिनेमा. परवा त्यांच्याशी बोलताना विषय निघाला तो २०२४ साली आलेल्या 'कल्की २८९८ एडी' या चित्रपटाचा. आपल्याच वस्तीतला, घरात बाबासाहेबांची तसबीर असलेला एक पोरगा म्हणाला, "काका, शेवटी तो भैरव म्हणजे कर्ण निघतो ना, तेव्हा अंगावर काटा आला." काटा आमच्याही अंगावर आला, पण वेगळ्या कारणाने!

सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्यात एवढे काय शोधायचे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. हजार वर्षे या देशातल्या माणसाला त्याची पायरी कोणी शिकवली? ग्रंथांनी कमी, कीर्तनाने आणि कथेने जास्त. आज कीर्तनाची जागा पडद्याने घेतली आहे.

नाग अश्विन यांच्या या तेलुगू चित्रपटात जगाच्या अंती एकच शहर उरले आहे, काशी. खाली पाण्याला महाग झालेली रयत आणि वर आकाशात तरंगणारे 'कॉम्प्लेक्स', जिथे पाणी, झाडे, अन्न सगळे कोंडून ठेवलेले. भैरव हा सुपारी घेऊन माणसे पकडणारा गडी. वर जाण्याइतके पैसे जमवायचे, एवढेच त्याचे ध्येय. हे चित्र खोटे नाही. ते पाहून तोच पोरगा म्हणाला, "आम्ही पर्मनंट होण्यासाठी धडपडतो, तसाच तो." आमच्या मते कोणत्याही समीक्षकापेक्षा हे वाक्य नेमके आहे.

पण चित्रपट तिथे थांबत नाही. खालच्या माणसांची सुटका करणार कोण? तर एका बाईच्या पोटात वाढणारा अवतार. त्याचे रक्षण करणार कोण? तर महाभारतापासून शाप भोगत जिवंत राहिलेला अश्वत्थामा. आणि या भैरवाच्या अंगात एवढे बळ कुठून आले? तर तो पूर्वजन्मीचा कर्ण. आठशे-नऊशे वर्षे पुढे गेलो, यंत्रे बोलू लागली, गाड्या उडू लागल्या, पण माणसाची किंमत ठरवणार पूर्वजन्मच! ज्या कर्णाला हयातभर सूतपुत्र म्हणून हिणवले, त्याचा न्याय करायचा तर निदान त्याला हिणवणाऱ्या व्यवस्थेला तरी प्रश्न विचारायचा. तेही नाही.

कल्की हा काही निरागस शब्द नव्हे. दशावताराच्या रूढ यादीत नववा बुद्ध आणि दहावा कल्की. पुराणे सांगतात, तो शंभल गावी ब्राह्मणाच्या घरी जन्मणार. कलियुगाची लक्षणे म्हणून ती काय मोजतात? वर्णसंकर आणि शूद्रांचे राज्य. कल्किपुराणात तर हा अवतार कीकट देशात जाऊन बौद्धांशी लढतो. म्हणजे आधी तथागतांना विष्णूच्या यादीत नवव्या क्रमांकावर बसवायचे आणि मग दहाव्याकडून त्यांच्या अनुयायांचा निकाल लावायचा! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी याच भाकडकथेवर आहे. ती आपण दरवर्षी म्हणतो. कशासाठी म्हणतो, याचा विचार अशा वेळी व्हावा.

हा रोग आपल्याकडचाच आहे असे नाही. हॉलिवूडच्या 'स्टार वॉर्स' मालिकेत २०१७ च्या भागात रे नावाच्या मुलीला कळते की तिचे आईबाप कोणी थोर नव्हते, साधे भंगार विकणारे होते. कुळाशिवाय पराक्रम! आम्हाला फार बरे वाटले होते. पण २०१९ च्या भागात तीच रे एका सम्राटाची नात निघाली. दोन वर्षांत कुळ परत आले. जात तिकडे नाही म्हणतात, पण खानदानाची ओढ दिसतेच. याउलट 'ड्यून'. फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी १९६५ ची, तिच्यावरच्या चित्रपटाचा दुसरा भाग २०२४ चा. त्यात वाळवंटातील लोक ज्या तारणहाराची वाट पाहतात, त्याची भविष्यवाणी एका धूर्त संघाने त्यांच्यात पिढ्यान्पिढ्या मुद्दाम पेरलेली असते. पुरोहितशाही कशी चालते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने 'ड्यून' पाहावा आणि मग 'कल्की' पाहावा.

नियतीचा हा वाद नवा नाही. तथागतांच्या काळी मक्खली गोसाल सांगत असे की माणसाच्या प्रयत्नाने काही घडत नाही, सुताचा गुंडा उलगडत जावा तसे सगळे ठरल्याप्रमाणे संपते. तथागतांनी हे मत निकृष्ट ठरवले. आणि नियती तपासायचीच म्हटली तर ती पुण्यात तपासून झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींनी हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि ज्योतिषांना आव्हान दिले, प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून ओळखा. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास तरी आली असती! विज्ञानकथा लिहिणाऱ्या नारळीकरांचे हे काम आमच्या दृष्टीने त्यांच्या कथांइतकेच मोलाचे आहे.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्या. रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला बाबासाहेबांनी भाषण केले. इतिहास ईश्वरी योजनेने घडतो, भूगोलाने घडतो, अर्थकारणाने घडतो, ही तिन्ही मते त्यांनी तपासली आणि इतिहास घडवण्यात माणसाचाही वाटा असतो, हे ठामपणे मांडले. पण त्याच भाषणात विभूतिपूजेवर त्यांनी कोरडे ओढले. एखाद्याबद्दल आदर बाळगणे वेगळे आणि त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण टाकणे वेगळे, हा त्यांचा मुद्दा. आणि आपण काय करतो? "दुसरा बाबासाहेब जन्माला येईपर्यंत आपले काही खरे नाही," हे वाक्य आम्ही जयंतीच्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याची चीड येते. हा कल्कीच झाला की! फरक एवढाच की याला निळा कोट आहे.

काशीच्या त्या तहानलेल्या लोकांना सबंध चित्रपटात सभा घ्यावी, संघटना करावी असे सुचत नाही. महाडला सुचले होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. रामचंद्र मोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून परिषद उभी केली, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्यावर चालत गेली. कोणत्याही पोथीत त्यांचे येणे लिहिलेले नव्हते. परतताना त्यांच्यावर लाठ्या पडल्या, मग सनातन्यांनी दावा लावला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. यातल्या एकाही वर्षात चमत्कार झालेला नाही. सिनेमावाल्यांना बहुधा म्हणूनच यात कथा दिसत नसावी.

चेलाडी फाट्यावरून भोरमार्गे वरंधा घाट उतरला की महाड येते. एवढे जवळ असून त्या पोरांपैकी बहुतेकांनी चवदार तळे पाहिलेले नाही. येत्या २० मार्चला त्यांना घेऊन जायचे ठरले आहे. घाट सुरू असला तर त्या रस्त्याने, नाहीतर ताम्हिणीचा वळसा घालून. गाडीचे भाडे वर्गणीतून काढायचे आहे, आणि पहिले शंभर रुपये त्या अंगावर काटा आलेल्या पोरानेच दिले.