झटका पिस्तुलाचा, दचकणं मनाचं

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला तो रडवेल्या सुरातच. "तुझं ऐकते ना ती? मग सांग तिला, बास झालं आता ते पिस्तूल!"

ताईची लेक, माझी भाची, अकरावीत आहे. दोन वर्षं 10 मीटरवर हवेच्या पिस्तुलाने छान नेम मारत होती. यंदा .22चं पिस्तूल घेऊन 25 मीटरला गेली आणि गुण घसरले. हवेच्या पिस्तुलाला धक्का जवळजवळ नसतोच. हे मात्र हातात उसळतं. ताईच्या मते मुलीच्या मनगटाला हे झेपायचं नाही. भावजी म्हणतात, गोळ्यांना पैसे पडतात. आणि आमची बाई डंबेल्स उचलून मनगट सुजवून बसलेली! मी आपली मराठी शिकवणारी, मला त्यातलं काय कळणार? तरी एका रविवारी तिच्याबरोबर रेंजवर गेलेच.

हा खेळ आधी समजून घ्या. बायकांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात 30 गोळ्या सावकाश मारायच्या आणि 30 वेगाने. वेगाच्या फेरीत पाच गोळ्यांची एक मालिका. प्रत्येक गोळीला तीन सेकंद, मध्ये सात सेकंद हात खाली. पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसऱ्याचा आधार नाही. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर शेजारच्या पाच लक्ष्यांवर चार सेकंदांत पाच गोळ्या! तिथे झटक्यानंतर पिस्तूल जागेवर आलं नाही, की पुढची गोळी गेलीच.

भाचीच्या गोळ्या सारख्या खाली लागत होत्या. नळी हाताच्या वर असते म्हणून झटक्याने तोंड वर उडतं, एवढं मलाही दिसलं. मग गोळी खाली का? सर हसले. तिला कळू न देता त्यांनी खऱ्या गोळ्यांत एक नकली काडतूस घातलं. चौथ्या वेळी तिने घोडा ओढला, आवाज झाला नाही, धक्काही नाही, तरी पिस्तुलाचं तोंड टुणकन् खाली गेलं! पोरगी लालबुंद झाली. कुकरची शिट्टी होणार म्हणून आपण आधीच खांदे आवळतो ना, तसंच हे. झटका यायच्या आधीच ती तो दाबायला जात होती. गोळी नळीतून सुटेपर्यंत पिस्तूल फारसं हललेलंच नसतं. नेम बिघडवतं ते हे आधीचं दचकणं.

मग ताकद कशाला? सर म्हणाले, झटक्याशी भांडू नका, त्याला येऊ द्या. मनगट आणि कोपर घट्ट, पण मूठ दर वेळी सारख्याच दाबाची. पोळी लाटताना एका बाजूला जोर पडला की ती वाकडी होते, तसंच अंगठा आवळला की नेम सरकतो. हलायचं ते फक्त तर्जनीने, तेही सरळ मागे. गोळी सुटली तरी नजर पुढच्या माशीवरच ठेवायची, ती आपोआप जागेवर येईपर्यंत. ती दर वेळी उजवीकडेच येत असेल तर मनगटाने ओढून आणू नका, पाय थोडे सरकवा. हे मला फार आवडलं.

महिनाभर निम्मा सराव गोळी न भरताच करायचं ठरलं. भावजी खूश! कानात बोळे आणि वर मफ असं दुहेरी झाकायलाही सांगितलं, कारण दचकण्यात आवाजाचा वाटा मोठा. डंबेल्स मात्र मनगटाची सूज उतरेपर्यंत बंद.

ताईला मी कोल्हापूरच्या राही सरनोबतची गोष्ट सांगितली. 2018च्या आशियाई खेळांत याच प्रकारात थायलंडच्या मुलीशी 34-34 अशी बरोबरी झाली. जादा पाच गोळ्यांतही पुन्हा बरोबरी. त्यानंतरच्या पाचांत राहीने सुवर्ण घेतलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ताई म्हणाली, "ती राही गं, आमची ही आहे." मग थोडं थांबून, "स्पर्धा कधी आहे म्हणालीस?"

परवा भाचीने कार्ड दाखवलं. दोन गोळ्या अजून खालीच आहेत, बाकीच्या मात्र मधल्या काळ्यात. स्पर्धेला मीही जाणार आहे, ताईला शेजारी बसवून.