कूटडाव रचावा कुणी?

सांगली म्हणजे बुद्धिबळाची पंढरी. पेशवाईतही दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी तिरुवेंगडाचार्य शास्त्री कूटडाव, म्हणजे ठरावीक चालींत मात करण्याची बुद्धिबळाची कोडी, रचत. त्यांचा संस्कृत ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापला गेला. आज हे काम यंत्रेही करतात. मलेशियातील संशोधक अझलान इक्बाल यांचा ‘चेस्थेटिका’ हा प्रोग्राम ‘पांढऱ्याची खेळी, तीन चालींत मात’ असे डाव आपणहून रचतो.

चांगल्या कूटडावाची कसोटी कडक असते. उत्तराची पहिली खेळी एकच हवी. ती शह देणारी वा मोहरे मारणारी शक्यतो नसावी. पटावर एकही प्यादे विनाकारण नको. दुसरी वाट शिल्लक आहे का, हे संगणक क्षणात तपासतो. ती मदत जरूर घ्यावी. पण वजीर कोपऱ्यात सरकवण्याची कल्पना सुचते, तेव्हा रचणाऱ्याची बुद्धी घडते. तो लाभ यंत्रावर सोपवू नये.

म्हणून या अंकापासून आम्ही वाचकांचे कूटडाव छापणार आहोत. यंत्राने रचलेला डाव असेल, तर तसे स्पष्ट नमूद करू. शाळकरी मुलांनो, पट मांडा आणि स्वतः रचलेला डाव आम्हाला पाठवा.