अनाहूत मसलतीला जबाब

न मागितलेला सल्ला देणाऱ्यापुढे मान डोलवावी, ‘बरे आहे’ म्हणावे आणि त्याची पाठ वळताच आपल्या मनाचे करावे, यालाच आपल्याकडे व्यवहारचातुर्य समजतात. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण तर या मताच्या पाठीशी सनदेसारखी उभी केली जाते. मला हे मत ग्राह्य वाटत नाही. मान डोलवणारा वाद टाळतो खरा. परंतु समोरचा मनुष्य युक्तिवादास अपात्र आहे असा निवाडा तो मनोमन देऊन बसतो, आणि सल्लागार मात्र त्या होकारालाच दस्तऐवज मानून दुसऱ्या दिवशी अधिक हक्काने दारात हजर होतो.

सर्दीवर काढा सुचवणाऱ्या शेजाऱ्यासाठी भाष्य रचावे, असे अर्थातच माझे म्हणणे नाही. पण सल्ल्याच्या मिषाने जेथे आयुष्याच्या दिशेवरच हरकत घेतली जाते, तेथे सकारण जबाब देणे यातच सल्लागाराचाही मान आहे. वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील सेरामपूर कॉलेजातील सभेत हेच केले. शिक्षणाची सोय हिंदुस्थानात नाही काय, एकटीने का जावे, परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय, कोणत्याही स्त्रीने न केलेले आपणच का करावे, या लोकांच्या शंका त्यांनी स्वतःच प्रश्नरूपाने मांडल्या आणि, शास्त्रकार पूर्वपक्षाचा यथास्थित अनुवाद करून मगच उत्तरपक्षाकडे वळतात त्या रीतीने, एकेकीचा परामर्श घेतला. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते! अशी छाती प्रत्येकाची नसते म्हणून पळवाट काढणाऱ्या प्रौढांनी एवढे ध्यानात घ्यावे.

१८८६ साली आनंदीबाईंना फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी मिळाली, कोल्हापुरात नेमणूकही झाली. पण रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. ‘आम्ही सांगत होतो’ म्हणण्याची मुभा यामुळे सल्लागारांना मिळाली, असा आक्षेप कोणी घेईल. तोही टिकत नाही. संकट ओढवल्यास काय, हा प्रश्न आनंदीबाईंनी त्याच सभेत विचारात घेतला होता. जोखीम जाणूनच त्या निघाल्या होत्या. आणि या देशातील स्त्रियांना स्त्री वैद्यांची निकड आहे, हे त्यांनी दिलेले कारण तर त्यांच्या मृत्यूनंतरही तितकेच बिनतोड होते.