नोटा आणि पैसा

पैशाचा पुरवठा म्हणजे छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या नोटा, हा समज सुशिक्षितांतही दृढमूल आहे. वस्तुतः जनतेजवळील नोटा-नाणी आणि बँकांतील ठेवी मिळून हा पुरवठा होतो, आणि त्यात ठेवींचाच वाटा कितीतरी मोठा असतो. बँक कर्जाची रक्कम ऋणकोच्या खात्यावर जमा करते, तेव्हा एकही नोट न छापता नवा पैसा जन्मास येतो; कर्ज फिटले की तो नाहीसा होतो.

या दोन रूपांतील भेदाचे महत्त्व ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने दाखवून दिले. मूल्याने सुमारे ८६ टक्के चलन त्या रात्री बाद झाले. पुढे रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचे रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये जाहीर केले. म्हणजे पैसा नष्ट झाला नव्हता. नोटेचे रूप टाकून तो बहुतांशी ठेवीच्या रूपात गेला होता. त्यामुळे रोख चलनातील घटीच्या मानाने एकूण पुरवठ्याचा आकडा थोडाच हलला.

परंतु आठवडे बाजारातील भाजीवालीला आणि रोजंदारीवरील मजुराला हा आकडा काय कामाचा? त्यांचे सारे व्यवहार रोखीचे, आणि खात्यातील रक्कम काढण्यावर तर मर्यादा! तेव्हा पैसा किती आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या हाती आणि कोणत्या रूपात आहे, हेही पाहावे लागते. चलनाविषयी निर्णय घेणाऱ्यांनी केवळ बेरजेवर समाधान मानू नये.