‘नो पार्किंग’चा बोर्ड नाही, मग गाडी लावता येते का?

टोइंगवाले दुचाकी उचलतात आणि वाद ठरलेल्या प्रश्नाने सुरू होतो : ‘इथे बोर्ड कुठे आहे?’ प्रश्न रास्त वाटतो, पण बहुतेक वेळा तो गैरलागू असतो. गाडी कुठे थांबवू नये आणि कुठे उभी करू नये, हे केंद्राच्या २०१७च्या मोटार वाहन (ड्रायव्हिंग) नियमावलीत दिलेले आहे. त्यातल्या अनेक जागांसाठी बोर्डाची गरजच नाही.

फुटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा क्रॉसिंग, शाळा-रुग्णालयाचे प्रवेशद्वार, कोणाच्याही इमारतीचे फाटक, आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी रांग. इथे पाटी असो वा नसो, पार्किंग नाहीच. चौकाच्या कडेपासून दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंतही नाही. हा नियम आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जातो. कारण दुकाने, एटीएम आणि वडापावची गाडी नेमकी कोपऱ्यावरच असते! कोपऱ्यावर एखादी मोठी कार उभी राहिली की रस्ता ओलांडणारे शाळकरी मूल तिच्यामागे पूर्ण झाकले जाते. वळणाऱ्या चालकाला ते दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. बसलाही वळायला जागा मिळत नाही, ती पलीकडच्या लेनमध्ये घुसते आणि चौक तुंबतो.

‘मी गाडीतच बसलोय’ हे उत्तरही नेहमीचे. काही ठिकाणी नुसते थांबणेही मना आहे : धोकादायक वळण, अरुंद रस्ता, रेल्वे फाटक, चौकातला पिवळा चौकोन आणि बससाठी राखलेला थांबा. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंग बंद. फुलीसारख्या दोन रेघा असतील तर थांबणेही बंद. चारही इंडिकेटर लावले म्हणून ‘फक्त पाच मिनिटां’ची परवानगी मिळत नाही.

महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा चूक केल्यास १५०० रुपये दंड आहे. मात्र कारवाई बऱ्याचदा उचलायला सोप्या दुचाकींवर होते आणि फुटपाथवर चढलेली कार तिथेच राहते. हे बदलायला हवे. शिवाय, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७नुसार वाहन उचलण्याचा अधिकार गणवेशातील पोलिस अधिकाऱ्याच्या आदेशाने येतो. ठेकेदाराच्या मुलांना तो परस्पर नाही.

दुकानासमोर कुंड्या-टायर मांडून ‘हवा सोडली जाईल’ अशी पाटी लावणाऱ्यांनाही कायद्याचा आधार नाही. सार्वजनिक रस्त्यावर पार्किंगबंदी करण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेचा आहे, दुकानदाराचा नाही. फाटक अडवले असेल तर पोलिसांना कळवावे.

बोर्डाची खरी गरज पी-१, पी-२ रस्त्यांवर आहे. तिथे सम-विषम तारखेनुसार बाजू बदलते आणि ती फक्त पाटीवरूनच कळते. त्या पाट्या फांद्यांआड किंवा वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेल्या असतील, तर चालकाची तक्रार योग्यच ठरते. आणि ३१ तारखेला रात्री गाडी लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषमच असते, बाजू बदलते ती २ तारखेला.