न बोलाविलेलीं घरें

जून महिन्यांत शाळा उघडल्या म्हणजे बालवीर पथकांच्या, अथवा आजच्या रूढ शब्दांत स्काउट-गाईड पथकांच्या, चालकांस नव्या मुलांची आठवण होते. शाळेच्या फलकावर एक कागद चिकटविला जातो. प्रार्थनेच्या वेळीं मुख्याध्यापक त्याविषयीं दोन वाक्यें बोलतात. ज्यांचा थोरला मुलगा मागील वर्षीं पथकांत होता त्यांच्या धाकट्याचें नांव लिहून घेण्यांत येतें. आणि नवी भरती झाली असें समजून सर्व मंडळी स्वस्थ होतात. पुढें पाऊस लागतो, मैदान भिजतें, शिकवणीचे वर्ग सुरू होतात; आणि दिवाळीच्या सुमारास शिट्टी वाजली असतां धांवत येणारीं तींच ओळखीचीं चारदोन मुलें असतात. मग चालक म्हणतात, "हल्लींच्या पालकांस ह्या कामाची आवडच उरली नाहीं." ह्या तक्रारींत तथ्य किती आणि आत्मवंचना किती, ह्याचा आज थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण पालकांनीं नकार दिला आहे असें आम्हांस वाटत नाहीं. बहुतेक पालकांस कोणीं विचारलेंच नाहीं, असें वाटतें.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. ही चळवळ आपल्या देशांत आली ती दार लावूनच आली. इ. स. १९०९ मध्यें बंगळूर येथें पहिलें पथक निघालें तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतें होतें. हिंदी मुलांस त्यांत मज्जाव होता. ज्या चळवळीच्या नियमांत सर्वांशीं बंधुभावानें वागण्याची गोष्ट आहे तिनें यजमानाच्याच मुलांस अंगणाबाहेर उभें करावें, हा प्रकार आमच्या पुढाऱ्यांनीं मुकाट्यानें सोसला नाहीं. १९१६ च्या सुमारास मद्रासेकडे डॉ. अॅनी बेझंट यांनीं हिंदी मुलांकरितां स्वतंत्र बालवीर संस्था काढली. १९१८ मध्यें अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनीं सेवा समितीच्या वतीनें तेंच कार्य हातीं घेतलें. स्वराज्यानंतर निरनिराळ्या संस्थांचें ऐक्य होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजीं 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' ही एकच संस्था अस्तित्वांत आली, व पुढील वर्षीं मुलींची संस्थाहि तींत सामील झाली. कायद्यानें आणि नियमानें आज कोणाहि मुलास ह्या पथकांत येण्याची बंदी नाहीं. परंतु मज्जाव नसणें निराळें आणि आमंत्रण असणें निराळें. लग्नघरचें दार सताड उघडें असलें तरी अक्षत न आलेला मनुष्य मांडवांत पाऊल टाकीत नाहीं, हें आम्हां मराठी माणसांस कोणीं शिकवावयास नको.

गेल्या हिवाळ्यांत एका रविवारीं सकाळीं आम्ही अशा एका पथकाचें काम पाहावयास गेलों होतों. मैदानाच्या मधोमध दहाबारा मुलें गोल करून बसलीं होतीं. बांबूंची तिवई बांधण्याचा पाठ चालला होता. शिक्षक सज्जन व मनापासून काम करणारे, पण पुस्तक उघडें ठेवून शिकवीत होते, आणि दोन बांबू काटकोनांत जखडण्याचा वेढा पुनःपुन्हा सैल पडत होता. मैदानाच्या पलीकडे मजुरांची वस्ती आहे. तिच्या बाजूच्या बुटक्या भिंतीवर सातआठ मुलें पाय सोडून हा खेळ पाहत बसलीं होतीं. त्यांतला एक पोरगा न राहवून ओरडला, "गुरुजी, पहिला फास उभ्या बांबूला घ्या, आडव्याला नाही!" शिक्षकांनीं हंसून त्यास गप्प राहण्याची खूण केली. चौकशी केल्यावर कळलें कीं, त्या पोराचा बाप इमारतींच्या परांच्या बांधण्याचें काम करितो. म्हणजे ज्या विद्येचा पाठ मैदानांत चुकत होता, ती विद्या भिंतीवर बसली होती. आणि तिला आंत बोलावण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. त्या शिक्षकांस दोष देण्याकरितां आम्ही हें लिहीत नाहीं. रविवारची विश्रांति सोडून जो मनुष्य परक्यांच्या मुलांत रमतो त्याचे उपकारच मानिले पाहिजेत. पण वर्षानुवर्षें त्या भिंतीवर मुलें बसतात, वर्षानुवर्षें पथकाची संख्या घटते, आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवून कोणी पाहत नाहीं, हें मात्र नवल होय.

बेडन-पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर जी पहिली छावणी भरविली, तींत सुमारें वीसच मुलें होतीं. पण त्यांची निवड मुद्दाम संमिश्र केलेली होती. कांहीं मुलें खर्चिक निवासी शाळांतून शिकणारीं, सुखवस्तु घरांतलीं. कांहीं पूल व बोर्नमथ ह्या जवळच्या गांवांतल्या सामान्य कामकरी घरांतलीं. त्यांचे चार संघ पाडले तेव्हां एका थरांतलीं मुलें एका संघांत असें न करितां सर्वांची सरमिसळ केली. ही सरमिसळ जेथें होत नाहीं तेथें गणवेश, शिट्टी, झेंडा सर्व कांहीं असूनहि मूळ प्रयोगांतला अर्धा भाग गळून गेला असें समजावें. आणि आमच्या वाचकांस विलायतेचा दाखला नको असेल तर साताऱ्याचा घ्यावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढलें. सर्व जातींचीं मुलें तेथें एका पंगतीस जेवत, आणि स्वतःच्या श्रमांनीं शिक्षणाचा भार हलका करीत. तीं मुलें जाहिरात वाचून आलीं नव्हतीं. भाऊराव गांवोगांव हिंडले, आईबापांस भेटले, आणि मुलें घेऊन आले. आठवड्यांतून एक दिवस भरणाऱ्या पथकाकरितां एवढी पायपीट कोणी मागत नाहीं. मैदानाच्या पलीकडल्या गल्लीपर्यंत गेलें तरी पुरे.

आतां पालकांच्या शंकांविषयीं. त्या खऱ्या आहेत व त्यांचीं उत्तरें सरळ दिलीं पाहिजेत. अभ्यास बुडेल ही पहिली शंका. आठवड्यांतून एक सकाळ ज्या अभ्यासास जड होते तो अभ्यास मुळींतच दुबळा आहे, ह्याहून अधिक त्यावर लिहिण्याची आवश्यकता नाहीं. "ह्याचा उपयोग काय?" हा प्रश्न मात्र चालकांनींच आपल्या गळ्यांत बांधून घेतला आहे. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, पुढें राज्य पुरस्कार आणि शेवटीं राष्ट्रपति पुरस्कार, अशी चढती पायरी संस्थेनें लावून दिली आहे ती मुलास उत्साह यावा म्हणून. कित्येक ठिकाणीं हीच पायरी पथकाचें ध्येय होऊन बसली आहे. पुरस्कारापर्यंत टिकेल असेंच मूल घ्यावयाचें, म्हणजे ज्याच्या घरीं वहीखातें नीट ठेवणारा बाप आहे असेंच मूल घ्यावयाचें, असा अघोषित नियम त्यांतून निर्माण होतो. पोराला प्रमाणपत्र काय मिळेल असें पालकानें विचारलें तर त्यास सांगावें कीं, तुमचा मुलगा प्रथम भाजलेल्या बोटावर काय करावें, नकाशा कसा वाचावा, आणि दहा जणांचा भात कच्चा न ठेवतां कसा शिजवावा हें शिकेल. कागदाची गोष्ट मागाहून.

दुसरी शंका खर्चाची, आणि येथें आम्ही चालकांसच चार शब्द सांगूं इच्छितों. वचनविधि होईपर्यंत मुलाला स्कार्फ व बिल्ला मिळतच नाहीं. मग पहिल्याच दिवशीं गणवेशाची यादी व दुकानाचा पत्ता हातीं देऊन गरीब बापास परत कां पाठवावें? प्रत्येक पथकांत एक पेटी असावी. मोठ्या झालेल्या मुलांस अपुरे पडणारे गणवेश धुऊन, बटणें लावून तींत ठेवावेत. आणि नियम असा असावा कीं, पहिल्या वर्षीं प्रत्येक मुलानें, मग तो डॉक्टराचा असो वा हमालाचा, ह्या पेटींतलाच गणवेश घालावा. केवळ गरिबांकरितां पेटी ठेविली तर तिच्याजवळ कोणी फिरकणार नाहीं. शिबिराच्या खर्चास 'खरी कमाई' हा उपक्रम ह्या चळवळींत आहेच. स्वतःच्या श्रमांनीं मिळविलेल्या पैशाची सर्वांची एक थैली करावी, आणि कोणीं किती घातले हें त्या थैलीस विचारूं नये.

तिसरी शंका सुरक्षिततेची. नदी, विहीर, रात्रीचा मुक्काम, अनोळखी माणसें: आईच्या मनांत हीं भयें असणें हें तिचें कर्तव्यच आहे, आणि "आमच्यावर विश्वास ठेवा" हें त्यास उत्तर होऊं शकत नाहीं. कोणीहि मोठें माणूस मुलांबरोबर एकटें राहणार नाहीं, निदान दोघे जबाबदार प्रौढ सदैव असतील. पोहतां येणारा माणूस हजर असल्यावांचून पाण्यांत कोणी उतरणार नाहीं. आणि आईबापांस कोणत्याहि घटकेस, न कळवितां, येऊन पाहण्याची मोकळीक राहील, हे नियम छापून घरोघर द्यावेत व पाळावेत. ज्या पथकास शेवटचा नियम अडचणीचा वाटतो त्या पथकांत मुलें न पाठविणेंच बरें.

मुलींच्या बाबतींत तर ह्या भयाच्या आड पुष्कळ जुनी रूढि लपून बसते. १९०९ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील बालवीरांच्या मेळाव्यास कांहीं मुली न बोलावतां आल्या व आम्हांसहि घ्या म्हणाल्या. पुढल्याच वर्षीं त्यांची स्वतंत्र संस्था निघाली, आणि १९११ मध्यें जबलपुरास आपल्या देशांतलें मुलींचें पहिलें पथक उभें राहिलें. तेव्हां ही गोष्ट कालपरवाची नव्हे. तरीहि घरांत भाऊ शिबिरास जातो व बहीण त्याचा डबा भरून देते, हें दृश्य दुर्मिळ झालें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या पुण्यानें १८४८ मध्यें जोतिराव व सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा पाहिली, त्या पुण्याच्या प्रांतांत मुलीला एक रात्र मैत्रिणींसह तंबूंत काढूं द्यावी कीं नाहीं ह्यावर अजून खल व्हावा! आईलाच एकदां शिबिरास बरोबर न्यावें, असा आमचा साधा उपाय आहे. पहिल्या वर्षीं ती पहारा करावयास येईल. दुसऱ्या वर्षीं कदाचित् चूल तिच्या ताब्यांत असेल. आणि तिसऱ्या वर्षीं लहान मुलांच्या कब पथकाची 'अकेला' होण्यास तिच्याहून योग्य माणूस सांपडणार नाहीं. (पथकप्रमुखाचें हें नांव किप्लिंगच्या ज्या गोष्टींतून आलें तिचें अरण्य आमच्या नागपुराशेजारच्या शिवनीचें आहे; म्हणजे नांव तरी परकें नाहीं.)

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. नवें कुटुंब पथकांत आणणें म्हणजे एक मूल पटावर चढविणें नव्हे. आज पथकें मोडतात तीं मुलांच्या अभावीं जितकीं मोडतात त्याहून अधिक मोठ्या माणसांच्या अभावीं मोडतात. एका शिक्षकाची बदली झाली कीं दहा वर्षांचें काम एका महिन्यांत विरून जातें. ह्यास कारण असें कीं, सुशिक्षित घरांतून मूल येतें, पण बाप येत नाहीं. तो वर्गणी देतो व मोकळा होतो. उलट ज्या घरांस आपण 'मागासलेलीं' म्हणून वगळतों त्यांत ह्या चळवळीस हवें तेंच ज्ञान भरलेलें आहे. परांची बांधणारा गवंडीकामांतला मनुष्य, जाळें विणणारा कोळी, सायकली दुरुस्त करणारा, रुग्णालयांत रात्रपाळी करणारी परिचारिका, शंभर पानांचा स्वयंपाक उरकणारी बाई, वीजतारांचें काम करणारा: ह्यांतला प्रत्येक जण एकेका प्रावीण्यपदकाचा परीक्षक होण्यास पात्र आहे. त्यास वर्गणी मागूं नये, त्याची दोन तासांची विद्या मागावी. ज्या मुलानें आपल्या बापास, ज्याची सही वांकडी येते अशा बापास, डॉक्टराच्या मुलाला गांठ शिकवितांना पाहिलें, तें मूल पुढल्या रविवारीं भिंतीवर बसणार नाहीं. आणि डॉक्टराच्या मुलासहि तेव्हां जें कळतें तें त्याच्या कोणत्याहि पुस्तकांत नाहीं.

हें न केल्यास काय होईल तेंहि स्पष्ट सांगतों. पथकें बंद पडणार नाहींत. त्याहून वाईट होईल. तीं २६ जानेवारीस व १५ ऑगस्टास पाहुण्यांपुढें उभीं राहण्याकरितां उरतील, इस्त्रीचे गणवेश घालून, आणि उरलेले तीनशें त्रेसष्ट दिवस कुलुपांत राहतील. अशीं पथकें आजहि कांहीं थोडीं नाहींत.

म्हणून चालकांस आमची सूचना एवढीच कीं, ह्या खेपेस पत्रक छापण्यापूर्वीं संघनायक मुलगे व मुली यांस बरोबर घेऊन वस्तींत जावें. सकाळीं जाऊं नये. त्या वेळीं बाप कामावर गेलेला असतो व आई पाण्यास. रात्रीं आठानंतर, जेवणें होण्याच्या आधीं, तीं घरीं सांपडतात. बोलणें मुलांनींच करावें, मोठ्यांनीं मागें उभें राहावें. पहिल्या दाराशीं नकार आला तर वाईट वाटूं देऊं नये, दुसऱ्या आठवड्यांत पुनः जावें. आणि त्या बुटक्या भिंतीवरच्या पोराच्या घरीं सर्वांत आधीं जावें. त्याच्या बापाकडून तिवईचा फास अजून शिकावयाचा राहिला आहे.